'टॉम अँड जेरी'मधली ती चेहरा नसलेली बाई कोण होती आणि तिचा आवाज का बदलला गेला?

टॉमच्या हातात फटाका फुटतो. धूर विरतो तेव्हा त्याचं तोंड काळंठिक्कर पडलेलं असतं, डोळे तेवढे लुकलुकत असतात. पुढच्या शॉटला टॉम पुन्हा ठणठणीत. भारतात १९९५ साली कार्टून नेटवर्क आलं, तेव्हापासून आपण हे बघून हसत आलो. पण असे काही शॉट अमेरिकेतल्या टीव्हीवर कापून दाखवले जायचे. कारण? हिंसा नव्हे, तर ते काळं झालेलं तोंड.

आधी हाणामारीचं बघू. अशा विनोदाला 'स्लॅपस्टिक' म्हणतात. हे नाव एका खऱ्या वस्तूवरून आलंय. इटलीच्या जुन्या 'कोमेदिया देल्लार्ते' नाटकांत नट दोन लाकडी पट्ट्या जोडलेली काठी वापरायचे. मारली की आवाज जोरात, पण लागायचं फार थोडं. टॉमचं सगळं दुखणं याच जातीचं आहे. इस्त्री डोक्यात पडली, दात खळाखळा गळले, तरी दोन सेकंदांनी तो धावायला तयार. त्याची ती प्रसिद्ध किंकाळीसुद्धा दिग्दर्शक विल्यम हॅना यांच्याच गळ्यातली.

मग काळ्या तोंडात काय वावगं? त्यासाठी १९ व्या शतकातली अमेरिका बघावी लागते. तिथे 'मिन्स्ट्रेल शो' नावाचा लोकप्रिय तमाशा चालायचा. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे, ओठ जाडजूड रंगवायचे आणि कृष्णवर्णीय माणूस म्हणजे आळशी, बावळट, सदा नाचणारा असं सोंग आणायचे. कार्टूनवाल्यांनी ते सोंग तयार मालासारखं उचललं. १९४८ च्या 'माउस क्लीनिंग'मध्ये कोळशाने माखलेला टॉम एकदम अशाच बावळट कृष्णवर्णीय माणसाच्या ढंगात बोलू लागतो. १९५१ च्या 'कॅसानोव्हा कॅट'मध्ये जेरीचं तोंड धुराने काळं करून त्याला तापलेल्या पत्र्यावर नाचवलं जातं. इथे हसू स्फोटाचं उरत नाही. ते सोंग ओळखता आलं तरच विनोद पूर्ण होतो. आपल्याला ते ओळखताच येत नव्हतं, म्हणून आपण नुसत्या धुराला हसत होतो.

आता त्या बाईकडे येऊ. मोठ्या सपाता, जाड पाय, पुढे बांधलेला एप्रन आणि हातात झाडू. चाहते तिला 'मॅमी टू शूज' म्हणून ओळखतात. १० फेब्रुवारी १९४० ला आलेल्या पहिल्याच 'पस गेट्स द बूट'मध्ये ती आहे. तेव्हा टॉमचं नाव जॅस्पर होतं. 'आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर' असा दम ती त्याला भरते आणि उंदीर नेमका त्याच धमकीचा फायदा उठवतो. सगळी गोष्ट तिच्या एका वाक्यावर उभी आहे!

योगायोग बघा. त्याच महिन्याच्या २९ तारखेला हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड'मधल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. भूमिका कोणती, तर 'मॅमी' नावाच्या दासीची. आणि समारंभात त्यांना बसवलं होतं वेगळ्या टेबलावर. हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय अभिनेत्रीसाठी मोलकरणीची भूमिका सोडली तर फारसं काही नव्हतंच. कार्टूनमधल्या बाईला आवाज देणाऱ्या लिलियन रँडॉल्फ याही त्यातल्याच एक. १९५० च्या 'सॅटरडे ईव्हनिंग पस'मध्ये या बाईचा चेहरा क्षणभर दिसतो. १९५२ नंतर ती गायबच झाली.

खरी गंमत (आणि खरं तर दुःखही) पुढे आहे. १९६० च्या दशकात ही कार्टून टीव्हीवर आणायची ठरलं, तेव्हा चक जोन्स यांच्या चमूने काही भागांत तिचे पाय चक्क पुसून त्या जागी एक बारीक गोरी बाई काढली. आवाज जून फोरे यांचा, तोही आयरिश वळणाचा. पुढे १९९० च्या दशकात मूळ चित्रं ठेवून थिया विडाल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून संवाद नव्याने बोलून घेतले, ठरावीक 'दासी'छाप बोली काढून. दोन्ही वेळा कात्री लागली ती लिलियन यांच्या आवाजाला. साचा मोडायला गेले आणि त्या साच्यात राहून पोट भरणारी कलाकारच पुसली गेली. मला हा उपाय दुखण्यापेक्षा विचित्र वाटतो.

वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनची गोष्ट याहून कडक आहे. त्यातली ११ कार्टून १९६८ मध्ये टीव्हीवरून थेट बाद झाली. 'सेन्सॉर्ड इलेव्हन' हे नाव त्यावरूनच पडलं. त्यांतल्या १९४३ च्या 'कोल ब्लॅक'विरुद्ध तर एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने तेव्हाच आवाज उठवला होता. म्हणजे 'त्या काळी कुणाला खटकत नव्हतं' हे कमेंटमधलं आवडतं वाक्य खरं नाही. खटकत होतं, ऐकणारं कुणी नव्हतं.

उलट उदाहरणही आहे. मेक्सिकन उंदीर स्पीडी गोन्झालेस याला कार्टून नेटवर्कने १९९९ च्या सुमारास बाजूला ठेवलं, तर लॅटिनो प्रेक्षकच त्याच्या बाजूने उभे राहिले. एलयूएलएसी या त्यांच्या संघटनेनेही मागणी केली आणि २००२ मध्ये स्पीडी परत आला. कारण सोपं आहे: मांजराला दरवेळी हरवणारा तोच तर होता.

हल्ली कापण्यापेक्षा सूचना लावण्याकडे कल आहे. २००५ च्या लूनी ट्यून्स डीव्हीडी संचात व्हूपी गोल्डबर्ग सुरुवातीलाच सांगतात की यातलं काही चूक होतं, पण ते लपवणं म्हणजे असं काही घडलंच नाही म्हणण्यासारखं. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनवर टॉम अँड जेरीलाही अशीच सूचना जोडलेली दिसली. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी वॉर्नरने 'गोल्डन कलेक्शन'च्या दुसऱ्या संचातून 'माउस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' वगळले होते. चाहते इतके भडकले की तो संच बाजारात आलाच नाही.