उताऱ्यांची वहिवाट

मुद्रणकला महाराष्ट्रात रुजण्यापूर्वी ज्याला ग्रंथ हवा असे त्याला तो स्वहस्ते उतरवून घ्यावा लागे, किंवा मेहनताना देऊन दुसऱ्याकडून उतरवून घ्यावा लागे. आणि सबंध ग्रंथाची नक्कल करण्याइतकी ज्याची ऐपत वा सवड नसे, तो आपल्या नित्याच्या उपयोगाचे अभंग, श्लोक, आरत्या आणि आख्याने तेवढी वेचून एका बाडात टिपून ठेवी. असे बाड कोणा एका ग्रंथकाराचे नसे, ते वाचकाचे असे. त्यात काय घ्यावे आणि काय वगळावे याचा अखत्यार सर्वस्वी त्याचा. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे (स्थापना १८९३) संस्थापक शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून अशी बाडे मोठ्या कष्टाने मिळविली, म्हणूनच समर्थ रामदासांच्या संप्रदायाच्या वाङ्मयाचा पुष्कळसा भाग आज आपल्या हाती आहे.

या उतरवून घेण्याच्या कर्माला समर्थांनी किती मान दिला होता, हे दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासावरून दिसते. तो समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे एकसारखे असावे, हे तर कोणीही सांगेल; परंतु तारुण्यात फार बारीक अक्षर काढले तर ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, तेव्हा मध्यम आकाराचे काढावे, आणि पानाच्या चहूंकडे मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडेचा कागद झडून गेला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, या सूचना ज्याने जीर्ण पोथ्या प्रत्यक्ष हाताळल्या आहेत त्यालाच सुचाव्यात. लिहिणाऱ्याने आपल्याच उतारवयाची तजवीज आज करून ठेवायची, इतकी दूरदृष्टी मध्यम अक्षराच्या सूचनेत आहे.

छापखाने आल्यावर ही वहिवाट मोडली नाही. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेले ‘नवनीत’ म्हणजे मराठी कवितेतील वेच्यांचा छापील संग्रहच होय. आणि छापील पुस्तकातूनही मनाजोगा मजकूर वहीत उतरवून घेण्याचा प्रघात घरोघरी चालूच राहिला. उतारा लिहून घेताना मजकूर दुसऱ्यांदा, आणि अधिक सावकाश, वाचला जातो. माझ्या मते तो वाचनाचाच उत्तरार्ध होय. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार खाजगी उपयोगासाठी व संशोधनासाठी केलेला उचित वापर हक्कभंग ठरत नाही, म्हणजे या जुन्या रूढीला कायद्याचाही आधार आहे.

ई-पुस्तकाने मात्र या व्यवहारात तिसऱ्याच पक्षाला आणून बसविले. २००७ साली आलेल्या ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रावर वाचकाने खूण केलेला मजकूर एका स्वतंत्र फायलीत आपोआप जमा होतो, ही सोय बाड बाळगणाऱ्याला स्वप्नवत वाटली असती; परंतु कित्येक पुस्तकांच्या बाबतीत किती मजकूर असा उतरवून घेता येईल याची मर्यादा प्रकाशकाने आधीच ठरविलेली असते, आणि ती संपली की पुढचे उतारे त्या फायलीत उतरत नाहीत. कधी तर विकत घेतलेले पुस्तकच हातचे जाते: जुलै २००९ मध्ये, पुस्तक विक्रीस ठेवणाऱ्याला त्याचा हक्क नसल्याचे आढळताच ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर काढलेली टिपणे मूळ मजकुराअभावी निरुपयोगी झाली, आणि त्याला न्यायालयात दाद मागावी लागली.

आपल्याकडे स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने व्यक्तिगत उपयोगासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविणे हा हक्कभंग नव्हे, असा निःसंदिग्ध खुलासा केला. त्याच दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने कृतीवर घातलेले तांत्रिक कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही केली. ज्याचा असा हेतू नाही, त्या वाचकाला कायदा आडवा येत नाही. पण यंत्राला हेतू कळत नाही, त्याला फक्त मजकुराचे प्रमाण कळते. शिवाय कायद्याने दिलेली मुभा वाचकाच्या हाती प्रत्यक्ष पडेल अशी सोय ठेवण्याचे बंधन प्रकाशकावर कोणी घातलेले नाही. ते घातले गेले पाहिजे.