संकटाशीं झुंजणाऱ्यांचें मन

आगीचा बंब घणघणत निघाला कीं रस्त्यांतलीं माणसें क्षणभर बाजूला होतात आणि पुन्हां आपापल्या कामास लागतात. बंबावरील माणसांचें मन त्या कामगिरीहून कोणत्या स्थितींत परत येतें, याचा विचार मात्र समाजानें फार उशिरां केला. त्या विचाराचा इतिहास सुमारें शंभर वर्षांचा आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं 'फोर्ट स्टिकीन' या जहाजास आग लागली. जहाजावर कापसाच्या गांठी होत्या. त्याखेरीज सुमारें १,४०० टन दारूगोळाही होता. आग विझविण्याचें काम चालू असतांनाच, दुपारीं चार वाजून गेल्यावर, पहिला स्फोट झाला, व अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जण कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. परंतु जे वांचले आणि पुन्हां बंबावर चढले, त्यांच्या मनाची विचारपूस करण्याची रीत नागरी सेवांत तेव्हां रुजलेली नव्हती.

ती रीत जन्मली रणभूमीवर. चार्ल्स मायर्स या डॉक्टरानें १९१५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत तीन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. तोफगोळ्यांच्या धक्क्यानंतर त्यांची स्मृति व दृष्टि यांवर परिणाम झाला होता. त्यानंतर दोन वर्षांनीं अमेरिकेच्या थॉमस सामन यांनीं ब्रिटिश अनुभव अभ्यासून अशी व्यवस्था सुचविली कीं, खचलेल्या सैनिकावर आघाडीजवळच, विनाविलंब, आणि तो बरा होईल या विश्वासानें उपचार व्हावे. पहिल्या महायुद्धांत लष्करी डॉक्टर असलेल्या लॉर्ड मोरन यांनीं १९४५ सालीं आपल्या ग्रंथांत मांडलें कीं, धैर्य ही पेढींतील शिलकेसारखी गोष्ट आहे. प्रत्येक प्रसंगीं ती खर्च होते, आणि अखंड खर्चानें शूराचेंही दिवाळें निघतें.

नागरी सेवांकडे हा विचार वळला तो पुष्कळ पुढें. पूर्वी अग्निशामक दलांत काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री मिचेल यांनीं १९८३ सालीं एक पद्धति मांडली: भीषण प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत पथकास एकत्र बसवावें आणि जें पाहिलें, जें वाटलें, तें क्रमानें बोलावयास लावावें. ही पद्धति अनेक देशांत पसरली. मन मोकळें केलें कीं भार उतरतो, ही समजूत सर्वांस पटण्याजोगीच होती.

पण समजूत वेगळी आणि परीक्षा वेगळी. अशा एकवार बैठकीची परीक्षा ब्रिटनमध्यें भाजलेल्या रुग्णांवर झाली. तिचा निष्कर्ष १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. तेरा महिन्यांनंतर बैठक झालेल्यांपैकीं शेंकडा २६ जणांस आघातजन्य मनोविकार आढळला, तर बैठक न झालेल्यांपैकीं शेंकडा ९ जणांस. पहिल्या गटांतील जखमा मुळांतच अधिक गंभीर होत्या, म्हणून सारा दोष बैठकीवर टाकतां येत नाहीं. तथापि लाभ झाल्याचें दिसलें नाहीं. हे रुग्ण होते, बचावकर्ते नव्हते, हेंही ध्यानीं ठेवावें. अशाच पुराव्यांवरून ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शनानें २००५ सालीं ही एकवार बैठक सरसकट घेऊं नये असा सल्ला दिला.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं दिलेलें मार्गदर्शन साधें आहे: पाहा, ऐका, आणि हव्या त्या मदतीशीं जोडून द्या. त्यांत बोलण्याची सक्ति नाहीं. ब्रिटनच्या नौसैनिकांनीं तर सहकाऱ्यांपैकींच कांहींना शिकवून तयार केलें. सोबत्याचा बदललेला चेहरा सोबतीच आधीं ओळखतो.

या साऱ्या प्रवासाचें सार एवढेंच कीं, बोलणें ही औषधाची एक मात्रा आहे, संपूर्ण पथ्य नव्हे. पाळी वेळेवर बदलणें, पोटभर अन्न, झोंप, आणि 'मला आतां पेलत नाहीं' असें म्हणणाऱ्यास भित्रा न म्हणणारा अधिकारी, यांनींच मोरन यांच्या पेढींतली शिल्लक पुन्हां भरते. ती भरण्याची जबाबदारी एकट्या जवानाची नव्हे. त्याला आगींत पाठविणाऱ्या समाजाचीही आहे.