चहागृहातला संगणक: कचेरीच्या यंत्रीकरणाची एक विस्मृत कथा

१/ व्यापारी कचेरीचे रोजचे काम करणारा पहिला संगणक कोणी बांधला, असे विचारले तर बहुतेक जण एखाद्या अमेरिकी यंत्रनिर्मात्या कंपनीचे नाव घेतील. प्रत्यक्षात हा मान जातो लंडनमधील चहा, पाव आणि केक विकणाऱ्या एका कंपनीकडे. साल १९५१. आज ‘रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन’ म्हणून जे कचेऱ्यांत अवतरले आहे, त्यामागचे मूळ प्रश्न या चहागृहांच्या हिशेबात प्रथम विचारले गेले. हा धागा त्या प्रश्नांविषयी.

२/ जे. लायन्स अँड कंपनीची स्थापना १८८७ ची. तिचे पहिले चहागृह १८९४ मध्ये पिकॅडिलीत उघडले आणि पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. हॅमरस्मिथ भागातील कॅडबी हॉल येथे कंपनीची मुख्य कचेरी आणि प्रचंड बेकरी होती. एका केकमागे सुटणारा नफा पेनीच्या अंशात मोजावा लागे. विक्री मात्र अफाट. अशा धंद्यात हिशेब ठेवण्याचा खर्च थोडा जरी वाढला, तरी नफा त्यातच गडप होतो.

३/ १९२३ मध्ये केंब्रिजमधून गणित शिकलेले जॉन सिमन्स कंपनीत आले. त्यांनी कारकुनी कामाकडे पाहण्याची रीतच बदलली. ही नोंद कोण करतो, यापेक्षा ती कशासाठी होते आणि पुढे कोणाच्या उपयोगी पडते, हा त्यांचा प्रश्न असे. १९३०च्या दशकाच्या आरंभी कंपनीत ‘सिस्टिम्स रिसर्च ऑफिस’ नावाचा स्वतंत्र विभागच उभा राहिला. कामाच्या रीतींचा अभ्यास करणे एवढेच त्याचे काम.

४/ ही दृष्टी आकाशातून पडलेली नव्हती. फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ चा. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये कामाचा प्रत्येक टप्पा चिन्हांनी दाखवणारा ‘प्रक्रिया-तक्ता’ अभियंत्यांपुढे मांडला. कारखान्यात रुजलेली ही विचारसरणी लायन्सने टेबलाखुर्चीपाशी आणली.

५/ दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, लायन्सचे दोन अधिकारी, ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड आणि रेमंड थॉम्पसन, कचेरीच्या नव्या पद्धती पाहण्यासाठी अमेरिकेला गेले. प्रिन्स्टन येथे त्यांची हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशी भेट झाली. शास्त्रज्ञांसाठी बांधलेले इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र व्यापारी हिशेबही करू शकेल, हा विचार तेथे पक्का झाला. शिवाय कळले ते असे की केंब्रिजमध्ये, म्हणजे स्वतःच्याच देशात, मॉरिस विल्क्स असे एक यंत्र बांधत आहेत!

६/ लायन्सने केंब्रिजला ३,००० पौंडांची देणगी दिली आणि मदतीला आपला एक माणूसही धाडला. ‘एडसॅक’ हे यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले. बाजारात विकत घेण्याजोगे यंत्र नव्हतेच. तेव्हा कंपनीने जॉन पिंकर्टन या अभियंत्याच्या हाती सूत्रे देऊन स्वतःचेच यंत्र बांधायला घेतले. त्याचे नाव ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’, संक्षेपाने ‘लिओ’.

७/ सुमारे ६,००० व्हॉल्व्ह आणि पाऱ्याच्या नळ्यांतील स्मृती असे ते धूड होते. पण खरे अवघड काम कागदावर चालले होते. डेव्हिड कॅमिनर यांच्या हाताखालील मंडळी प्रत्येक कामाचा प्रवाह-तक्ता काढत. आकडा चुकीचा आला तर? कार्ड गहाळ झाले तर? अनुभवी कारकून ज्या गोष्टी न सांगता सांभाळून घेतो, त्या साऱ्या यंत्राला आधी सांगाव्या लागत. १९५२ मध्ये या गटात आलेल्या मेरी कूम्ब्ज या व्यापारी संगणकाच्या पहिल्या महिला प्रोग्रॅमर मानल्या जातात.

८/ २९-३० नोव्हेंबर १९५१ रोजी बेकरीच्या उत्पादनाचे मूल्यांकन लिओने पूर्णपणे आपल्याकडे घेतले. पुढे पगारपत्रक आले. एका कामगाराच्या पगाराचा हिशेब करण्यास अनुभवी कारकुनाला सुमारे आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद. तरीही घाई झाली नाही. काही काळ जुनी आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी चालवून आकडे ताडून पाहिले गेले. चुकलेल्या पगाराने कामगाराच्या घरची चूल अडते, याचे भान त्यामागे होते.

९/ सर्वांत बोलके उदाहरण मात्र चहागृहांच्या मागणीचे आहे. पूर्वी प्रत्येक दुकान रोजची संपूर्ण यादी पाठवी. नव्या रचनेत वाराप्रमाणे ठरलेली मागणी यंत्रात आधीच असे; व्यवस्थापिकेने दूरध्वनीवर केवळ फरक सांगायचा. ऐकणारी कर्मचारी तो लगेच पंच कार्डावर उतरवी. त्यावरून रात्रीचे उत्पादन, मालाची बांधणी, गाड्यांची रवानगी, बिले आणि व्यवस्थापनाचे अहवाल असे सारे निघे. जुनी यादी वेगाने लिहिण्याऐवजी ती लिहिण्याची गरजच संपवली गेली. आणि उद्या किती केक खपतील, याचा निर्णय व्यवस्थापिकेकडेच राहिला.

१०/ मग कारकुनांचे काय? युद्धोत्तर ब्रिटनमध्ये कारकुनी मनुष्यबळाचा तुटवडा होता, त्यामुळे लायन्सपुढे हा प्रश्न उग्र झाला नाही. सगळीकडे असे सुदैव नसते. १९६०च्या दशकात आपल्या आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातला, तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडवा लढा दिला. त्या विरोधाला निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे हे इतिहासाचे वाचन नव्हे. नोकऱ्या दुर्मीळ असलेल्या समाजात यंत्राने वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न रास्तच होता.

११/ लिओचे पुढचे आयुष्य थोडक्यात: १९५४ मध्ये स्वतंत्र कंपनी, १९६३ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागाशी विलीनीकरण, १९६८ मध्ये ‘आयसीएल’मध्ये समावेश. ब्रिटिश टपाल खात्याकडील लिओ-३ मालिकेतील अखेरची यंत्रे मात्र १९८१ पर्यंत चालत राहिली.

१२/ आता वर्तमानाकडे. ब्लू प्रिझम (ब्रिटन, २००१) आणि बुखारेस्टमध्ये २००५ साली सुरू झालेली, आज यूआयपाथ म्हणून ओळखली जाणारी कंपनी यांनी रूढ केलेला ‘रोबो’ म्हणजे लोखंडी माणूस नव्हे. तो एक प्रोग्रॅम आहे. माणसाप्रमाणेच पडद्यावर लॉग-इन करतो, एका प्रणालीतला आकडा उचलून दुसरीत भरतो. जुन्या प्रणालीला हात न लावता काम होते, हे त्याचे सामर्थ्य. पण पडद्यावरची चौकट सरकली तरी तो अडखळतो. आणि मूळ पद्धतच निरर्थक असेल, तर तो ती निरर्थकता अहोरात्र, न थकता करत राहतो.

१३/ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तील गाजलेल्या लेखात नेमका हाच इशारा दिला होता: कालबाह्य कामाला संगणकाचा वेग देऊ नका, ते कामच काढून टाका. सिमन्स यांचा विभाग हे त्याआधी अर्धशतक करत होता.

१४/ लिओचा इतिहास यंत्रापासून सुरू केला तर तो १९५१ चा चमत्कार वाटतो. तो सिमन्स यांच्या प्रश्नापासून सुरू केला, तर संगणक हा दोन दशकांच्या धीम्या अभ्यासाचा शेवटचा टप्पा ठरतो. आज पुण्या-मुंबईतील कचेऱ्यांत रोबोला काम नेमून देताना प्रवाह-तक्ता काढला जातोच. तो काढताना रोज ते काम करणाऱ्या माणसाला शेजारी बसवले जाते का, आणि त्याच्या उद्याच्या कामाचा विचार त्या तक्त्यात कुठे असतो का, यावर त्या यंत्रीकरणाची किंमत कोण मोजणार हे ठरते.