नीरेपल्याड

देणं बुडवून कुणी गाव सोडलं की आमची आजी म्हणायची, "गेलं बाबा नीरंपल्याड." मग तो माणूस मुंबईला गेलेला असो, सुरतेला असो, नाहीतर विमानानं थेट आखातात. आजीच्या हिशेबी सगळे नीरेपल्याडच.

मला हे कोडं वाटायचं. निरवांगी नीरेच्या काठी. पल्याड माळशिरस तालुका; काठावर उभं राहिलं की दिसतो. आमच्या लेकी तिकडं दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. तिथं जाऊन कोण कुणापासून लपणार? पुढं आमच्याच घरातला एक माणूस असा गेला, तेव्हापासून आजीचं हे बोलणं डोक्यातून गेलं नाही.

कोडं सुटलं ते इतिहास वाचताना. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंदापूरचा मुलूख कंपनी सरकारकडं गेला. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानं प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य मिळालं, आणि त्या राज्याची उत्तरेची हद्द ठरली नीरा. म्हणजे आमचा काठ इंग्रजांचा, पल्याडचा छत्रपतींचा. १८४८ साली डलहौसीनं सातारा खालसा केलं, तोवर जवळजवळ ३० वर्षं आमची नदी दोन राज्यांची शीव होती. उन्हाळ्यात उतार बघून पाण्यात पाय घातला की घटकेत माणूस परमुलखात. इकडच्या कचेरीचा हुकूम तिकडं चालत नसे.

आणि त्या काळात माणसं गेलीही. प्रिंगल नावाच्या साहेबानं जमिनी मोजल्या, उत्पन्नाचा हिशेब कागदावर मांडला आणि त्यावर सारा ठरवला. कागदावर पीक आलं, रानात आलं नाही. धान्याचे भाव पडलेले. सारा निम्मासुद्धा वसूल होईना अशी काही भागांची गत झाली. कितीतरी कुणबी घरदार टाकून शेजारच्या संस्थानांत निघून गेले, जमिनी पड पडल्या. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं पाहणी करून सारा उतरवला आणि ३० वर्षांसाठी कायम केला. ती नवी पद्धत १८३६ साली पहिल्यांदा लागू झाली ती आमच्या इंदापूर तालुक्यात. पुढं साऱ्या मुंबई इलाख्यानं तीच उचलली.

म्हणजे माणसं गेली, तेव्हा सरकार नमलं. पण सावकार कुठला नमायला? सरकारची बाकी माफ होते, सावकाराची वहीत राहते. गेलेल्याचा भाऊ, बायको, पोरगा गावातच असतो. बापाचं कर्ज पोरानं फेडायचं, ही तर आपली जुनी धर्माज्ञाच. बापाची इस्टेट जेवढी हाती आली तेवढ्यापुरतंच पोरगं देणेकरी, असा कायदा मुंबई इलाख्यात झाला तो १८६६ साली. तोवर बाप परमुलखात किंवा परलोकात, तगादा पोराच्या दारात.

कायद्यानं आणखी एक घोटाळा केला. १८५९ साली मुदतीचा कायदा आला : साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर येणं बुडालं. हेतू चांगला, कुळाच्या मानेवर जुनं ओझं राहू नये. सावकारानं काय केलं, तर मुदत भरायच्या आत कुळाला बसवून नवा रोखा लिहून घेतला आणि थकलेलं व्याज मुद्दलात घातलं. तीन वर्षांनी पुन्हा तेच. अमेरिकेतलं युद्ध चालू होतं तोवर इकडच्या कापसाला सोन्याचा भाव होता आणि सावकाराचा हात सैल होता. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव कोसळले, आणि सावकारानं तिजोरी बंद केली.

शेवटी १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात, तेव्हा भीमथडीत, आमच्याच पट्ट्यातलं. लोकांना हवे होते रोखे, खतं आणि हुकूमनामे. मिळाले ते चौकात आणून जाळले. कितीतरी गावांत सावकारच चीजवस्तू टाकून पळाले. सुमारे ४० वर्षांपूर्वी कूळ पळालं होतं, आता धनको पळाला. १८७९ च्या कायद्यानं शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं थांबवलं आणि रोख्यामागचा हिशेब मुळापासून तपासायचा अधिकार कोर्टाला दिला.

आता आमच्या घरचं सांगतो.

१९९३ साली आमचे धाकटे चुलते, आप्पा, आखातात गेले. दोन बोअर कोरडी गेली होती. सोसायटीचं कर्ज होतं, त्याला जामीन आमचे दादा. एका सावकाराचे पैसे होते, किराणाची उधारी होती. वर एजंटाला द्यायला सात-आठ घरांतून हातउसने घेतलेले. एका रात्री पिशवी उचलली आणि गेले. दादांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जाताच आलं नसतं, हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

दोन वर्षं पैसा आला नाही. तिथला पगार बोलीपेक्षा कमी निघाला, हे मागून कळलं. जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच असते, हे दादांना वकिलानं सांगावं लागलं नाही. कारखान्याकडून उसाचं बिल निघालं की सोसायटीची बाकी कापूनच हातात पडायचं. सावकारासाठी आजीची पुतळ्यांची माळ गेली. पण हातउसन्याला कागद नव्हता, म्हणून त्याची लाज जास्त. चुलती बाजाराला जायची बंद झाली. दळण न्यायची तीही भर दुपारी, गिरणीवर कुणी नसताना. आप्पांनी आमच्यापैकी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. रोज भिडवायची वेळ हिच्यावर आली.

आप्पा २००३ साली कायमचे परत आले. कुणी शहाण्यानं त्यांना सुचवलं, "तीन वर्षांची मुदत कवाच गेली, आता कशाला देतुयास?" ते खरं नव्हतं. देणेकरी देशाबाहेर असेल तर तेवढा काळ मुदतीत धरतच नाहीत. आणि तिकडं देणं करून इकडं पळून येण्याची वाटही आता अरुंद झालीय : जानेवारी २०२० पासून अमिरातीतल्या कोर्टाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा कोर्टातून वसूल करता येतो.

पण आप्पांना मुदतीची पडलेली नव्हती. वहीत नावं लिहून ते दारोदार फिरले. कुणी घेतले, कुणी दोन शब्द सुनावून घेतले, एकानं दारात उभं केलं नाही. शेवटी एक नाव उरलं : शेजारची म्हातारी, जिनं डब्यातले ५०० रुपये काढून दिले होते. ती मधल्या काळात वारली होती. तिची लेक माळशिरस तालुक्यात दिलेली.

मला घेऊन आप्पा मोटरसायकलवर नीरा ओलांडून गेले. त्या बाईच्या हातावर त्यांनी २,००० ठेवले. तिनं नोटा मोजल्या, ५०० ठेवून घेतले आणि बाकीचे परत दिले.

"आयनं व्याजानं दिलं नव्हतं," ती म्हणाली. "च्या टाकते, बसा."

आप्पा ओसरीवर बसले. दहा वर्षांत त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्यावर ते उरलेले १,५०० त्यांनी चुलतीच्या हातात दिले. तिनं ते घेतले, पण बोलली काहीच नाही. तिचं देणं कुठल्याच वहीत नव्हतं.