शब्दवेध : शंभर वाड्यांचा मुलूख

मध्ययुगीन वेल्समध्ये आपल्या परगण्यासारखा एक मुलकी विभाग होता, ‘कंत्रेव’. वेल्श भाषेत ‘कांत’ म्हणजे शंभर आणि ‘त्रेव’ म्हणजे वस्ती. आज त्रेव म्हणजे शहर. तेव्हा ती जेमतेम वाडी होती. हा ‘कांत’ आपल्याला परका नाही. लॅटिन ‘केंटुम’ आणि संस्कृत ‘शत’ ही त्याचीच भावंडं. आपल्या ‘दोनशे’तला ‘शे’ त्याच घरातला.

जुन्या वेल्श कायद्याचा हिशेब चोख होता : पन्नास वाड्यांचा एक ‘कुमुद’ आणि दोन कुमुदांचा एक कंत्रेव. जमिनीवर मात्र हा आकडा क्वचितच जुळे. ‘माबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथांमध्ये डव्हेड या मुलखाच्या राजाची थोरवी सांगताना तो सात कंत्रेवांचा धनी, एवढंच पुरेसं ठरतं.

१५३६ नंतर इंग्लंडचा कायदा आला आणि या विभागांना ‘हंड्रेड’ म्हणू लागले. भाषा बदलली, शंभर तेवढे राहिले. बऱ्याच सीमाही जुन्याच.

मोजून मुलूख ओळखायची ही रीत आपल्याकडेही आहे. गोव्यातली तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. आज तिथली गावं मोजायला कोण बसतं? पण हिशेब नावात जपलेला आहे.