कॅमेऱ्याचें घरगुती भांडार आणि पोथीरक्षणाची परंपरा

१. उपोद्घात

जुन्या पोथ्या व कागदपत्रें यांचा संग्रह करणाऱ्यांच्या घरीं पोथ्यांच्या कपाटाशेजारीं आतां दुसरें एक कपाट दिसूं लागलें आहे. त्यांत कॅमेरा, त्याचीं भिंगें, तिपाई, दिवे, बॅटऱ्या व कार्डें असा सरंजाम असतो. पूर्वीं पोथीची नक्कल करावयाची म्हणजे लेखक बसवावा लागे व महिनोगणती वाट पाहावी लागे. आतां दोन प्रहरांत शंभर पत्रांचीं छायाचित्रें निघतात. मूळ पोथी मालकाच्या घरीं राहते आणि छायाचित्र संशोधकाच्या घरीं येतें. पुढें ती पोथी कसर लागून, भाऊबंदांच्या वांटणींत फांकून किंवा रद्दींत जाऊन नाहींशी झाली, म्हणजे तें छायाचित्र हाच एक साक्षीदार उरतो. असें असतां ज्या साधनानें हा साक्षीदार निर्माण होतो तें साधन, व त्यापासून निघालेलीं चित्रें, घरांत कशीं ठेवावीं याची चर्चा संग्राहकांच्या वर्गांत फारशी होत नाहीं. ती इतिहासाच्या अंगानें करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

लेखकाचें वास्तव्य भंडारा जिल्ह्यांत, मोहाडी तालुक्यांतील आंधळगांव येथें आहे. हा गांव कोशाच्या विणकामाबद्दल प्रसिद्ध आहे. जिल्हा तलावांचा व धानाचा. पाऊस वर्षाकाठीं तेराशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उलटपक्षीं वैशाखांत उष्णता पंचेचाळीस अंशांच्या घरांत जाते. अशा मुलुखांत कागद, कापड, चामडें व कांच या चारींची परीक्षा दरवर्षीं दोनदां होते. या अनुभवावरून व उपलब्ध इतिहासावरून जो निष्कर्ष निघतो तो प्रथमच सांगतों: पोथीभांडाराचे जुने नियम व्यवस्थेच्या बाबतींत कॅमेऱ्यास जसेच्या तसे लागू पडतात, वेष्टनाच्या बाबतींत मात्र तेच नियम त्यास घातक होतात.

२. घरांतील कॅमेऱ्याचा पूर्वेतिहास

दागेरच्या युक्तीची घोषणा पॅरिस येथें १८३९ सालीं झाली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकीं एक होत. त्या काळीं प्रचारांत आलेली रीत म्हणजे फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या कांचेची रीत. कांचेवर कोलोडियनचा थर द्यावा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावांत बुडवावी, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी आणि सुकण्यापूर्वीं धुवून काढावी, असा तो क्रम होता. त्यामुळें कॅमेरा बाळगणें म्हणजे घरांत लहानशी रसशाळाच बाळगणें होय. ईथर क्षणांत पेट घेणारा. चांदीचा क्षार हात व वस्त्रें काळीं करणारा. कॅमेरा कोठें ठेवावा, यापेक्षां अंधारी खोली कोठें करावी, हाच त्या पिढीपुढील प्रश्न होता.

रिचर्ड लीच मॅडॉक्स यानें १८७१ सालीं जिलेटिनच्या कोरड्या कांचेची रीत पुढें आणली आणि खोलीचा प्रश्न बराचसा सुटला. पण त्याच्या जागीं हवेचा प्रश्न उभा राहिला. जिलेटिन हा प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून केलेला सरस. तो दमट हवेंत फुगतो आणि बुरशीस अन्न होतो. युरोपांतील कारागीर उष्ण देशांसाठीं सागवानी लांकडाचे व पितळी पट्ट्यांचे कॅमेरे मुद्दाम करूं लागले, याचें कारण हेंच कीं, चामड्यानें मढविलेल्या पेट्यांचा सरस येथील पावसांत सुटे व कीड त्यांत शिरे. प्लॅटिनमच्या लेपाचा कागद तर कॅल्शियम क्लोराइडची पुडी घातलेल्या पत्र्याच्या बंद डब्यांतच ठेवीत. सारांश, डब्यांतील हवा कोरडी राखण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकांतच ज्ञात होती.

महाराष्ट्रांतील एका घराचा वृत्तांत या संबंधांत विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे त्र्यंबकेश्वरच्या संस्कृतज्ञ घराण्यांतले. त्यांनीं १९१२ सालीं लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला व दादर येथील बिऱ्हाडींच काम मांडलें. कच्ची फिल्म बिनभोकांची येई. तिच्या कडांस भोकें पाडण्याचें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्रीं अंधारांत करीत, व रसायनें मिसळणें आणि फिल्म धुणें यांतहि त्यांचा हात असे. वाटाण्याचें रोप कसें वाढतें हें दाखविण्यासाठीं फाळक्यांनीं कुंडीसमोर कॅमेरा महिन्याहून अधिक काळ एकाच जागीं ठेवून थोडेंथोडें चित्रण केलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मुलांबाळांच्या घरांत एक यंत्र इतके दिवस न हलतां राहतें, याचा अर्थ त्या घरांत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती व ती घरांतील सर्वांस ठाऊक होती.

तथापि याच घराच्या इतिहासाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. त्याची लांबी सुमारें ३७०० फूट, म्हणजे चार रिळें. आज त्या कथेचा दोन रिळांइतकाच भाग उरला आहे, आणि तोहि १९१७ सालीं पुन्हां केलेल्या प्रतीचा असावा असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती सहज पेट घेते, आणि पेटली नाहीं तरी उष्ण हवेंत आपोआप चिकट होऊन शेवटीं तिची भुकटी होते. पुण्याचें राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें. मधल्या पन्नास वर्षांत या वस्तूंस हक्काचें भांडार नव्हतें. चित्र काढतांना जी शिस्त त्या घरानें पाळली ती काढलेल्या चित्राच्या पुढील आयुष्यासाठीं समाजानें पाळली नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

३. पोथीभांडाराचे नियम

आपल्याकडील लेखक पोथीच्या शेवटीं वाचकास जी विनवणी करीत ती संग्राहकांस तोंडपाठ आहे. तेल, पाणी आणि सैल बंधन या तिहींपासून पोथी राखावी व ती अजाणाच्या हातीं देऊं नये, असा तिचा आशय. या विनवणीभोंवतीं जी व्यवस्था वाढली तिचीं अंगें चार: वेष्टन, बांधणी, याद आणि नियतकालिक उघडणी. पोथी दोन फळ्यांमध्यें दाबून कापडांत घट्ट बांधीत; आंत वेखंडाचा तुकडा अगर कडुलिंबाचा पाला ठेवीत. सरकारी कागदांचें तसेंच. पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधलेले असून रुमाल हेंच त्यांच्या मोजणीचें व शोधाचें परिमाण आहे.

याद नसेल तर भांडार असून नसल्यासारखें होतें. रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचि नागपुरास १९२६ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां कारंजा येथील जैन भांडारांतील ग्रंथ बाहेरच्या विद्वानांस कळले. पोथ्या शतकानुशतकें तेथेंच होत्या. त्या उजेडांत आल्या त्या यादीमुळें.

चौथें अंग उघडणीचें. दिगंबर जैन ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी पाळतात, आणि श्वेतांबर कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी. या निमित्तानें ग्रंथ बाहेर काढून, झाडून-पुसून, नवीं वेष्टनें घालून पुनः ठेवितात. एक तिथि पावसाच्या तोंडावर येते व दुसरी पावसाळा सरल्यावर, हें येथें ध्यानांत घ्यावें. दसऱ्याचें ग्रंथपूजन व शस्त्रपूजनहि याच ऋतुसंधीवर येतें.

४. नियमाचा अपवाद: वेष्टन

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. मौल्यवान वस्तु कापडांत गुंडाळून पेटीच्या तळाशीं ठेवावी, ही आपली उपजत वृत्ति. आणि आमच्या गांवीं तें कापड कोशाचें असणें साहजिक आहे. पण रेशमाचा धर्म असा कीं, साध्या हवेंतसुद्धां तें आपल्या वजनाच्या शेंकडा दहाअकरा भाग पाणी धरून असतें आणि तरीहि हातास कोरडें लागतें. सूत व चामडें यांचाहि स्वभाव तसाच. पोथीस यापासून फारसा अपाय नाहीं. कारण कागद स्वतः ओल शोषतो व सोडतो, आणि फळ्यांच्या दाबामुळें आंत हवेस जागाच उरत नाहीं. भिंगाची गोष्ट वेगळी. त्याच्या नळींत कांचांच्या मध्यें हवा कोंडलेली असते. कांच ओल शोषीत नाहीं. रात्रीं गारवा आला कीं तिच्यावर सूक्ष्म दंव बसतें. शेजारीं ओल धरणारें कापड, अंधार, न हलणारी हवा आणि बोटांचा तेलकट डाग इतकें जुळलें म्हणजे बुरशीचें जाळें पसरतें. ती जें आम्ल सोडते तें भिंगावरील लेप आणि कालांतरानें कांचहि खातें. मग पुसून उपयोग नाहीं. यावरून दिसेल कीं लेखकांनीं सांगितलेले तेल व पाणी हे दोन शत्रु भिंगाचेहि शत्रु आहेत. तिसरा मात्र उलटला आहे. पोथीस सैल बंधन मारतें, तर भिंगास घट्ट वेष्टन.

म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवींतून प्रवास करो, पण घरीं आल्यावर त्या पिशवींत राहूं नये. वेखंड, कापूर वा डांबरगोळ्या त्याजवळ ठेवूं नयेत. त्यांची भुकटी व वाफ भिंगावर बसते. पोथीस कोंवळें ऊन दाखविण्याची चाल आहे, पण उघडें भिंग उन्हांत ठेवल्यास तें सूर्यकिरण एकवटून आंतील पडदा जाळूं शकतें, आणि जुन्या भिंगांच्या कांचा ज्या रोगणानें जोडलेल्या असतात तें उष्णतेनें बिघडतें.

५. व्यवस्था

घट्ट झाकणाचा स्टीलचा, पितळी किंवा प्लास्टिकचा डबा घ्यावा व त्यांत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. कांटा चाळीस ते पन्नासांच्या मध्यें असावा. साठांच्या वर गेल्यास बुरशीचें भय असतें. ओल भरली म्हणजे सिलिका जेलचे नारिंगी दाणे हिरवट होतात. मंद आंचेवर तापविले कीं पुनः कामास येतात. तांदूळ भाजून पुडींत घालण्याची युक्ति कित्येकांस सुचते, परंतु तांदळाचें पीठ हेंच बुरशीचें अन्न असल्यानें ती टाळावी. चैत्र-वैशाखांत येथील हवा स्वभावतःच अति कोरडी होते; तेव्हां पुड्या काढून घ्याव्या, नाहींतर चामडें तडकतें व यंत्रांतील वंगण आटतें. डबा भिंतीस चिकटून अथवा जमिनीवर ठेवूं नये. बॅटऱ्या कॅमेऱ्याबाहेर, निम्म्या भरलेल्या स्थितींत ठेवाव्या. भिंगावरील धूळ प्रथम फुंकणीनें उडवावी, मग मऊ कुंचल्यानें झाडावी. धोतराच्या सोग्यानें कधींहि पुसूं नये.

प्रत्येक डब्यास अंक द्यावा. आंतील वस्तूंची याद झाकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावी आणि तीच याद बांधीव वहींत उतरावी. एका कामास लागणाऱ्या वस्तु एका डब्यांत असाव्या: पोथीच्या छायाचित्रणाचें भिंग, मोजपट्टी, रंगपट्टी व काळें कापड हीं एकत्र, दिवे व तारा निराळ्या. ज्येष्ठ शुद्ध पंचमी व कार्तिक शुद्ध पंचमी या दोन तिथींस सर्व डबे उघडून प्रत्येक भिंग उजेडाकडे धरून पाहावें व यंत्र थोडें चालवून घ्यावें. याहून सोपें वेळापत्रक सांगतां येणार नाहीं, आणि तें आपल्या पंचांगांत आधींच लिहिलेलें आहे.

घरांत जुन्या कांचा निघाल्यास त्या एकीवर एक रचूं नयेत. प्रत्येकीस निराळें कागदी पाकीट करून कडेवर उभ्या ठेवाव्या. जुनी नायट्रेट फिल्म घरांत न ठेवितां संग्रहालयास कळवावें. ज्या फिल्मला शिरक्यासारखा आंबूस वास येतो ती इतरांपासून लगेच वेगळी करावी.

छायाचित्रांबद्दल एक नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्येक पोथीचें पहिलें चित्र एका चिठ्ठीचें असावें; तींत ग्रंथाचें नांव, गांव, तारीख, पत्रसंख्या व मालकाची अनुमति हीं लिहावीं. नंतर पत्रें क्रमानें, १अ, १ब, याप्रमाणें घ्यावीं; कोरीं पत्रेंहि सोडूं नयेत. शेवटीं पुनः तीच चिठ्ठी. पोथीस जशी पुष्पिका, तशी ही चित्रमालेस. कार्ड हें वाहन आहे, भांडार नव्हे. त्यावरील चित्रें त्याच दिवशीं दोन ठिकाणीं उतरून एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां एकाच घरांतल्या दोन प्रती एकमेकींस वांचवूं शकत नाहींत, हें महाराष्ट्रास चांगलें कळून चुकलें आहे.

६. उपसंहार

छायाचित्र स्वस्त झालें म्हणून तें टिकाऊ झालें, अशी समजूत रूढ होत आहे. वस्तुतः लेखकानें सहा महिने खपून केलेली नक्कल तीनशें वर्षें टिकली, ती कागदाच्या गुणापेक्षां तिच्या भोंवतीं असलेल्या शिस्तीमुळें. ती शिस्त आपल्या घरांत अजून आहे. ती फक्त शेजारच्या कपाटापर्यंत न्यावयाची आहे. नांव नसलेलीं हजार चित्रें म्हणजे सुटीं झालेलीं हजार पत्रें होत. आणि सुटीं पत्रें जुळवितांना किती आयुष्यें खर्चीं पडलीं आहेत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. ज्यांच्या संग्रहीं पोथ्यांचीं छायाचित्रें असतील त्यांनीं येत्या पंचमीस डबे उघडून निदान यादीचें काम हातीं घ्यावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.