उज्जयिनीचा संवाहक आणि सर्वस्वाचा डाव

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आपल्याला आठवते ते चारुदत्त-वसंतसेनेसाठी. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकाने मराठी मनात हीच जोडी ठसवली. पण उज्जयिनीत घडणाऱ्या या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक संवाहक, म्हणजे अंग रगडून देणारा, धावत येतो. जुगारात दहा सुवर्ण हरलेला, अड्डेवाला माथुर पाठीवर. हा पठ्ठ्या उलट्या पावलांनी ओस देवळात शिरतो आणि मूर्ती बनून उभा राहतो. शोधणारे तिथेच जुगार मांडतात. फाशांचा आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही. पुढे येऊन ती आपली पाळी मागते!

आपण हसतो. पण त्याने खेळायला हवे होते तरी कसे, थोडे थोडे की एकदाच?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा ५ घ्यावेत, असे आहे. तोच दर धरू आणि हारजीत समसमान मानू. जवळचे १० सुवर्ण एकाच डावावर लावले तर शंभरांत ५० वेळा हाती साडेएकोणीस येतात. तेच एकेक सुवर्ण लावत तिथवर जायचे म्हटले, तर प्रत्येक जिंकलेल्या डावातून कपात होते आणि पोचण्याची शक्यता चाळिशीच्याही खाली उतरते. सावधपणाच महाग पडतो.

आमच्या मांडवीतल्या कसिनो बोटींमुळे गोव्याला पोकर नवा नाही. त्याच्या स्पर्धेत कपातीचे काम ‘ब्लाइंड’ करतात. ही सक्तीची रक्कम ठरावीक वेळाने वाढते, म्हणून गप्प बसणाराही झिजतो. समजा, तुमच्याकडे १० मोठे ब्लाइंड उरलेत आणि टेबलावर दोन्ही ब्लाइंड मिळून दीड पडले आहेत. फ्लॉपची तीन सामाईक पाने उघडण्याआधीच तुम्ही सगळे लावता. दहांतून सहा वेळा सारे पाने टाकतात, तेव्हा तुमचे साडेअकरा होतात. उरलेल्या चार वेळा मोठा ब्लाइंडवाला भिडतो आणि शंभरांत ४० वेळाच तुम्ही जिंकता, तेव्हा साडेवीस मिळतात. सरासरी येते सुमारे १०.१८, म्हणजे फायदा. दर वेळी कोणी भिडले असते तर तीच ८.२ झाली असती. थोडक्यात, कमकुवत पानांना समोरच्याची भीती तारते.

मात्र वाचकहो, एक फरक आहे. पोकर स्पर्धेतले ‘सर्वस्व’ म्हणजे भरलेली प्रवेश फी. त्यापलीकडे त्या डावात काही जात नाही. संवाहकाला अशी कुंपणाची सोय नव्हती. माथुर त्याला आईबाप वीक, नाहीतर स्वतःला वीक म्हणतो आणि तो खरोखरच रस्त्यावर उभा राहून दहा सुवर्णांना गिऱ्हाईक शोधतो. वसंतसेनेने कंकण पाठवून त्याला सोडवले. पुढे भिक्षू होऊन त्यानेच तिचे प्राण वाचवले.

सर्वस्व कधी लावावे, हे गणित सांगते. सर्वस्वात काय काय धरावे, हे मात्र पटावर बसण्याआधीच ठरवावे लागते.